तत्परतेने

सुदामनं त्या एका शब्दावर इतक्यांदा पेन फिरवलं की कागद फाटला आणि शाई खालच्या उशीत उतरली.

"अरे, चार महिने चकरा मारल्या मी त्या कागदासाठी," निता म्हणाली.

"वाच. पुन्हा वाच ते."

निता त्याची धाकटी बहीण. त्याच कॉलेजात यंदा पहिल्या वर्षाला होती. माहितीच्या अधिकारात अर्ज तिनंच टाकला होता, आणि ऑफिसातल्या बाबूनं 'आज या, उद्या या' करत शेवटी चौकशी अहवालाची झेरॉक्स तिच्या हातावर ठेवली होती. तिनं कागद उशीवरून उचलला आणि फाटलेला शब्द आठवणीनं भरून वाचलं.

"'अंतिम सामन्यात स्वतःचा तोल गेल्याने खेळाडू सुदाम पेमा राठोड यास दुखापत झाली. क्रीडाशिक्षक श्री. सोमेश्वर खंदारे यांनी जखमी खेळाडूस तत्परतेने उचलून वाहनातून रुग्णालयात हलविले. महाविद्यालयातर्फे खेळाडूस पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.'"

"वाटचालीसाठी," सुदाम म्हणाला. पांघरुणाखाली त्याचे पाय निता बसली होती तिथपर्यंत पसरलेले होते. तिचं कोपर घोट्यावर टेकलं होतं, आणि ते त्याला डोळ्यांनीच कळत होतं.

सव्वा वर्ष झालं होतं. डिसेंबरातली मॅच, हिंगोलीच्या त्यांच्याच कॉलेजच्या मैदानावर. कॉर्नरवरून आलेल्या बॉलला त्यानं हवेत डोकं लावलं, बॉल जाळीत गेला, आणि धक्क्यानं तो गोलपोस्टच्या बाजूनं मागे फेकला गेला. गोलरेषेमागे चार फुटांवर पाहुण्यांच्या मंडपासाठी बांधलेला सिमेंटचा ओटा होता. त्याच्या धारेवर कंबर आपटली. पण पायाची बोटं हलत होती. बुटात त्यानं ती मुद्दाम वळवून पाहिली होती, दोन्ही पायांची. मग डोळ्यांपुढे खंदारे सरांचा चेहरा आला, त्यांचे पुढे आलेले दोन हात आले. मग त्याला कुणीतरी उचललं, आणि कमरेत ओली फांदी मोडावी तसं काहीतरी मोडलं. पुढचं त्याला आठवतं ते थेट नांदेडच्या वॉर्डातलं.

"उचललं कसं याला?" डॉक्टरांनी विचारलं होतं. आईनं, त्याच्या याडीनं, तोंडाला पदर लावला होता आणि बा खिडकीबाहेर पाहत राहिला होता. सुदामनं कुणाला काही विचारलं नाही. हात त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. आठ दिवसांनी विद्यापीठाच्या संघात निवड झाल्याचं पत्र आलं.

"लिही," तो निताला म्हणाला. "अर्ज विद्यापीठाला, प्रत एसपी साहेबांना. खंदाऱ्यानं मला उचललं, अन् उचलल्यामुळं माझे पाय गेले. साक्षीदार म्हणून बाची सही. बा तिथं होते."

त्याचा बा, पेमा, अंगणात शिजवलेली हळद वाळायला पसरत होता. पुसेगावच्या अलीकडच्या त्या तांड्यात त्या दिवसांत दारोदार हळदच होती. त्याला आत बोलावलं, निताने अर्ज वाचून दाखवला. तो उंबऱ्यातच उभा राहून ऐकत होता.

"मी सही न्हाई करणार," तो म्हणाला.

"काहून?"

पेमा हाताला लागलेली हळद झाडत राहिला.

"काहून, बा? मास्तरला भ्यालात? तुमी तिथं होतात. पोराची मॅच पाहायला जिंदगीत एकदा आलात, अन् पोराचं वाटोळं होताना नुसते पाहून राहिले! दोन पावलं पुढं येऊन 'हात लावू नका' एवढं म्हणणं झालं न्हाई तुमाला?"

"सुदाम!" आतून भिकाबाईचा आवाज आला. "बाला काही बोलू नको."

"काहून नको? हगणं-मुतणं पिशवीत आलं माझं, याडी. मी बोलणार न्हाई तर कोण बोलंल?"

पेमा वळला आणि अंगणात गेला. फावड्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा जोरात.

सुदामनं मोबाईल घेतला आणि सव्वा वर्षात पहिल्यांदा खंदारे सरांचा नंबर लावला. "उद्या तांड्यावर या," तो म्हणाला. "जे केलं ते तोंडावर सांगा." उत्तराची वाट न पाहता त्यानं फोन बंद केला.

सर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. मोटरसायकल लिंबाखाली लावून ते खोलीत आले, तेव्हा हेल्मेट त्यांच्या हातातच होतं. निताने खुर्ची पुढे केली. सुदामनं नमस्कार केला नाही.

"तुमचं नाव घालून अर्ज देऊन राहिलो."

"दे," सर म्हणाले.

"नोकरी जाईल."

"अकरा महिन्यांची तर ऑर्डर असते माझी. जाऊ दे."

सुदामला भांडण हवं होतं. 'मी नव्हतो, माझी चूक नव्हती' असं काहीतरी हवं होतं, ज्याच्यावर तुटून पडता येईल.

"पहिल्या वर्षाला तुमीच शिकवलं होतं," तो म्हणाला. "पाठीला, मानेला लागलं तर खेळाडूला हलवायचं न्हाई. फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. मग त्या दिवशी तुमची अक्कल कुठं गेली होती?"

सरांनी दाराकडे पाहिलं. अंगणात पेमा पाठमोरा, वाकून हळद हलवत होता.

"मी हात आडवे धरले होते," सर हळू आवाजात म्हणाले. "कुणी उचलू नये म्हणून. तू थरथरत होतास. थंडी वाजतेय, मला घरी न्या, म्हणत होतास. आधी सगळे लांब उभे राहिले. अर्धा तास गेला, चाळीस मिनिटं गेली. मग मला बाजूला सारलं त्यांनी. तुझा बाप होता, सुदाम. त्याला मी किती वेळ अडवणार? खांद्यावर टाकून ते थेट रस्त्याकडे पळत सुटले."

निताच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"चाळीस मिनिटं?" सुदामनं विचारलं. "मैदानावर ॲम्ब्युलन्स होती. सकाळी मी पाहिली होती."

"फायनलचं उद्घाटन झाल्यावर पाहुण्यांच्या ताफ्याबरोबर पाठवली. ताफ्यात एक गाडी कमी होती म्हणे. शोभेला. स्ट्रेचर तिच्यातच. मी पाच वेळा फोन लावला. पाहुण्यांचं जेवण चालू आहे, निघतो, म्हणत राहिला ड्रायव्हर."

"अन् हे?" सुदामनं फाटका अहवाल त्यांच्या अंगावर फेकला. "इथं तुमचं नाव कसं आलं?"

"आधी वेगळं लिहिलं होतं. 'सूचना धुडकावून वडिलांनी उचलल्याने इजा वाढली.' म्हणजे कॉलेज मोकळं, अन् ते कागद जन्मभर तुझ्या बापाच्या मागे. मी म्हटलं, माझं नाव घाला. मुलांनाही सांगितलं, याबद्दल बोलायचं नाही."

"तुमाला कुणी सांगितला होता हा मोठेपणा?" सुदाम ओरडला. अंगणातलं फावडं थांबलं. "सव्वा वर्ष रोज सकाळी उठून तुमाला शिव्या घातल्या मी! बाला वाचवलं, बराबर. पण त्या कॉलेजवाल्यांनाबी वाचवलं ना? ओट्याचं काहून न्हाई लिहिलं? गाडीचं काहून न्हाई लिहिलं?"

सरांनी हेल्मेट जमिनीवर ठेवलं.

"तिथं भ्यालो," ते म्हणाले.

सुदामनं निताला कालचा अर्ज फाडायला लावला. कोरा कागद, खाली पाट घेऊन तो स्वतः लिहायला बसला. कुणी सांगायचं नव्हतं, कुणी सुचवायचं नव्हतं. पाठीमागच्या उशा दोनदा सरकल्या, दोनदा निताने नीट केल्या. सर अंगणात जाऊन लिंबाखाली बसले. पेमानं त्यांना पाणी नेऊन दिलं. दोघं एकाच सावलीत होते, एक रस्त्याकडे तोंड करून, एक हळदीकडे.

तासाभरानं सुदामनं हाक मारली. सरांनी आत येऊन, अर्ज न वाचताच, साक्षीदार क्रमांक एकपुढे सही केली.

पेमा हात धुऊन आला. चौथीपर्यंतची त्याची शाळा. बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत तो वाचू लागला. सुदाम त्या बोटाकडे पाहत होता. ओटा आला. ताफ्याबरोबर गेलेली गाडी आली. 'चाळीस मिनिटे मी जमिनीवर पडून होतो. त्यानंतर मला वाहनातून नेण्यात आले.' तिथं बोट थांबलं. मागे आलं. पुन्हा त्याच ओळीवरून गेलं. पेमानं कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"एवढंच?"

"एवढंच," सुदाम म्हणाला.

पेमानं सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली. मग त्यानं पोराकडे पाहिलं, आणि सुदामनं नजर हलवली नाही.

"पेन दे."

"बा, सही खाली करायची," निता म्हणाली. "तिथं न्हाई, तिथं न्हाई..."

सुदामनं तिचं मनगट धरलं. पेमा समासात, त्या ओळीच्या शेजारी, एकेक अक्षर दाबून लिहीत होता. 'वाट पाहून पाहून मी उचललं.' मग खाली येऊन त्यानं सही केली, पूर्ण नावाची.

"आता बोलावू दे तेंना," तो म्हणाला. "मला जे इचारायचं ते इचारू दे. मलाबी इचारायचंय, गाडी कुठं गेली व्हती."

सर उठले. "पुसेगावच्या पोस्टात रजिस्टर घेतील अजून," ते म्हणाले. "चल निता, सोडतो."

मोटरसायकलचा आवाज तांड्याबाहेर गेला. खोलीत दोघंच उरले. पेमा खाटेच्या कडेला टेकला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं, हे सुदामला दिसत होतं. पण त्यानं मदत केली नाही. राग अजून होता, छातीत होता तसाच होता.

"पाठ दुखून राहिली का रं?" शेवटी पेमानं विचारलं.

सव्वा वर्षात त्यानं हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"व्हय," सुदाम म्हणाला. "लई."