सोनीबाईच्या केसांचा टोप

दंडार मंडळाची स्मरणिका निघते म्हणे. ढोलकीनं आपलं गाऱ्हाणं सांगितलं, पेटीनं सांगितलं, आता म्हणतात टोपानंही सांगावं. काऊन सांगू? ज्यांनी मला डांबराच्या गोळ्यांसोबत ट्रंकेत कोंबलं, त्यांनाच आता माझी जीवनकथा पाहिजे. यातही काहीतरी डाव असणार. पण उचलून बाहेर काढलंच आहे, तर ऐका.

मी टोप बोलतोय. दंडारीत, आमच्याकडच्या नाचगाण्याच्या नाटकात, बाईच्या डोक्यावर जे केस दिसतात ना, तो मी. बाई म्हणजे खरी बाई नाही. कुरखेड्याकडचा वारलू, मिशी काढून लुगडं नेसलेला. त्याचं स्वतःचं डोकं कापणी झालेल्या धानाच्या बांदीसारखं.

माझा जन्म दुकानातला नाही. आमच्याकडं केसांवर भांडी देणारा फिरतो. विंचरताना निघालेलं गुंतवळ बाया भिंतीच्या फटीत खोचून ठेवतात आणि तो आला की त्याला देऊन वाटी घेतात. वारलूची बायको सोनीबाई मात्र त्याला दारातूनच परत लावायची. "मले वाटी नाई पायजे. मले नवऱ्यासाठी टोप कराचा हाये." कित्येक वर्षं तिनं गुंतवळ साठवलं, शिकेकाईनं धुतलं, एकेक केस मोकळा केला आणि जुन्या धोतराच्या टोपीवर सुईनं टाचला. असा मी झालो. मी पुरुष, केस बाईचे, डोकं तिसऱ्याचंच. असा जन्म मिळालेल्यानं कोणावर भरवसा ठेवायचा?

दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, आमच्या मंडईत, दंडार उभी राहिली की वारलूची 'चंचल' व्हायची. सोनीबाई मला त्याच्या डोक्यावर बसवून मानेमागं दोन बंदांची निरगाठ मारायची. निरगाठ ओढली की आणखी आवळते.

"दुखते ना वं!" वारलू ओरडायचा.

"दुखू दे. बाईले दुखतेच."

मग आमची रीत. मंडळ ज्या घरी उतरलं असेल, त्या घरची बाई आपल्या हातातली एक बांगडी काढून चंचलच्या हातात घालायची. बांगडी चढली की वारलूला कोणी 'अरे' म्हणत नसे. आणि मी लोकांसमोर कधीच उतरायचो नाही. खेळ संपल्यावर त्याच घरात, भिंतीकडं तोंड करून, सोनीबाई गाठ सोडायची आणि बांगडी ज्या हातातली त्या हातात जायची. बाया म्हणायच्या, "काय रडली आज आमची चंचल! मले माई माय आठवली." टक्कल पाहिलेल्या चंचलला कोण बांगडी देईल? सगळी इभ्रत माझ्या एका गाठीवर होती. म्हणून मी कोणालाच जवळ धरत नसे. पेटीवाला अंकुश खर्रा खाऊन शेजारी बसला की वाटायचं, हा आता माझ्यावर थुंकणार. थुंकला कधी नाही. पण नेम काय?

मग टीव्हीचं बोलावणं आलं. मुंबईचा, हसवायचा कार्यक्रम. गावानं हार घातले. मला तेव्हाच वास आला. चंचल लोकांना रडवते, तिला हसवणाऱ्यांनी कशाला बोलवावं?

सोनीबाईचा धान कापायचा होता, ती आली नाही. तिथं तोंड रंगवायला मोनाली नावाची पोरगी. तिनं मला दोन बोटांनी उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं. "काका, आमच्याकडे हलका विग आहे. हा राहू द्या ना."

"नाई. मायाच पायजे," वारलू म्हणाला.

मी फुगलो. मुंबईत मिळालं ते एवढंच सुख, आणि तेही खोटं निघालं.

थोड्या वेळापूर्वीच कार्यक्रमाचा निवेदक वारलूच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला घेऊन गेला होता. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मग वारलूनं मला स्वतःच बांधलं. आणि गाठ मारली ती सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटणारी. वाटलं, मानेमागचं दिसत नाही बिचाऱ्याला, चुकला. मग मोनालीनं माझ्यात फणी घातली आणि माझा सगळा संशय तिच्यावर गेला. बांगडी द्यायला तिथं कोणी नव्हतं. डब्यातल्या प्लास्टिकच्या चढवल्या.

चंचल माहेर सुटल्याचं गाणं म्हणत होती. निवेदक मागून आला आणि त्यानं मला खेचलं. सुटलोच मी. लोक खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसले. मी त्याच्या मुठीत लोंबत होतो, आणि समोर वारलू उघड्या डोक्यानं हात जोडून हसत होता.

पुढच्या मंडईत ज्या घरी उतरलो, त्या घरच्या बाईनं आपल्या हाताकडं पाहिलं आणि म्हणाली, "आज निघतच नाई बाप्पा बांगडी." निघत कशी नाही? मी पाहत होतो, मनगटावर सैल हालत होती. वारलू बांगडीविनाच खेळात उतरला. चंचल रडायला लागली तोच मागून आवाज आला, "टोप काढ!" मग सगळेच, "काढ! काढ!"

अंकुशनं पेटी थांबवली. "गप राहा ना बे! बाई रडून राह्यली!"

"बाई कुठची? टीव्हीवर पाह्यली आमी तुमची बाई!"

गाणं अर्ध्यात राहिलं.

घरी सोनीबाईनं मला मांडीवर घेतलं, बंद बोटांत धरून पाहिले. "बंद तुटला नाई. निरगाठ असती तं खेचल्यावर बंद तुटला असता. गाठ सुटली कशी?"

मी म्हटलं, आता मोनालीचं नाव येणार.

"म्याच सुरगाठ मारली," वारलू म्हणाला. "तो म्हणे, एक खेच देतो, लोक हासतात, मंग दरवेळी बोलावतो. अन् टोप तुमचाच ठेवा म्हणे, खरा वाटते."

सोनीबाईनं मला मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाली, "केस माये होते."

वारलू तिच्या पाया पडला. दुसऱ्या दिवशी त्या बांगडीवाल्या बाईकडं जाऊन आला, अंकुशच्या दारात बसून रडला. टीव्हीनं पुन्हा बोलावलं नाही. मी ट्रंकेत गेलो. केसांवर भांडी देणारा आला तेव्हा सोनीबाईनं भिंतीतलं गुंतवळ काढलं आणि वाटी घेतली. वाटीचा तो आवाज मी ट्रंकेतून ऐकला.

आता स्मरणिकेत फोटो पाहिजे म्हणून वारलू मला तेल लावून राह्यला. नजर आरशाकडं, माझ्याकडं नाही. मोनालीनं दोन बोटांनी उचललं, ते मी विसरणार नाही, पण गाठ तिची नव्हती. निवेदक माझा कोणी लागत नाही. इतकी वर्षं मी ज्याचं डोकं झाकलं, त्यानं सगळ्यांची माफी मागितली, माझी तेवढी राहिली. फोटो छापा की न छापा, खाली नाव मात्र नीट छापा: चंचल नाही, वारलू.