बारकी मॅडम झाली

बारकीला इस्पितळात चिकटवलं ते ताईनंच. सतरा वर्षं झाली त्याला. ताई नोंदणीच्या खिडक्यांची प्रमुख होती, एक जागा रिकामी झाली आणि तिनं वरिष्ठांच्या मागे लागून धाकट्या बहिणीला आत घेतलं. केसपेपर कसा काढायचा, चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं, सगळं तिनंच शिकवलं.

बारकीला मात्र भलतीच सवय. जेवणाच्या सुट्टीत ती बाकांवर जाऊन बसायची आणि लोकांना विचारायची, "किती वाजल्यापासून बसलात?" उत्तरं वहीत लिहायची. ताई हसायची. पुढे ती वही संचालकांनी पाहिली, आणि बारकीचं नशीब फळफळलं. प्रशासनाच्या अभ्यासक्रमाचा फॉर्म तसा दोघींनाही मिळाला होता. "या वयात कोण परीक्षा देणार?" म्हणून ताईनं तो भरलाच नाही. बारकी कामावरून सुटली की वर्गाला जायची. आधी पर्यवेक्षक झाली, मग उपप्रमुख, आणि यंदा रुग्णप्रवेश विभागाची प्रमुख. रुग्ण दारात आल्यापासून डॉक्टरांसमोर बसेपर्यंतचं सगळं तिच्या हाताखाली. म्हणजे ताईसुद्धा.

नाक पुसायला शिकवलेल्या पोरीला चारचौघांत 'मॅडम' म्हणायचं, तर ताईची जीभ जड व्हायची. बारकीच्या दारावरची पाटी दिसू नये म्हणून ती मागच्या जिन्यानं ये-जा करायला लागली.

बारकीनं पहिल्याच महिन्यात रांगा बंद करायचं ठरवलं. आदल्या दिवशी रुग्णाला फोन जाणार, वेळ मिळणार, त्या वेळेला त्यानं यायचं. बैठकीत तिनं खुर्चीत बसून समोर उभ्या असलेल्या सगळ्यांना ते समजावलं आणि शेवटी विचारलं, "ताई, तुम्ही सांगा. इथली माणसं तुम्हाला जास्त माहीत आहेत. काही राहतंय का?"

ताईच्या डोळ्यांसमोर सुतारकाका आले. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला येणारे, एका डोळ्यावर भागवणारे, दोन्ही कानांनी ठार बहिरे, घरात एकटे. त्यांच्यासारखे आणखीही होते.

"नाही मॅडम," ताई म्हणाली. "काही राहत नाही."

नवी पद्धत सुरू झाली त्या दिवशी बाकांच्या दालनात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. संचालक येऊन बारकीची पाठ थोपटून गेले. ताईनं तिकडे पाठ फिरवली. तेवढ्यात सुतारकाका आले. टेबलावरच्या नव्या मुलीनं यादी पाहिली. "काका, तीनदा फोन केला, तुम्ही उचललाच नाही. तुमची वेळ दुसऱ्यांना दिली." काकांना तिचं फक्त मान हलवणं कळलं. डॉक्टर नाहीत असं त्यांना वाटलं. जाता जाता त्यांनी ताईकडे पाहून हात वर केला.

ताईनं मान खाली घालून रजिस्टर ओढलं. पडू दे हिला एकदा तोंडघशी, ती मनात म्हणाली. काका निघून गेले.

तीन दिवसांत असे अकरा जण परत गेले. संचालकांनी सगळ्यांना बोलावलं. चूक कोणाची, असं त्यांनी विचारलं.

"माझी," बारकी म्हणाली. "ज्यांना फोन ऐकू येत नाही किंवा ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांचा मी विचार केला नाही."

या क्षणाची ताईनं वाट पाहिली होती. पण संचालकांनी आदरानं मान डोलावली, आणि तिच्या लक्षात आलं, ही हरली तरी कौतुक हिचंच.

सगळे गेल्यावर बारकीनं दार लावलं. "ताई, तुला माहीत होतं?"

"होतं."

"मी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?"

"तू खुर्चीत बसून विचारत होतीस," ताई म्हणाली. "आणि मी उभी होते."

बारकीचे डोळे भरून आले, पण ती भांडली नाही. "अकरा माणसं आहेत. कार्डावरचे पत्ते जुने आहेत. घरं कोणाला माहीत आहेत?"

"मला."

"मग गाडी घेऊन जा. आधी काकांकडे."

काकांचं दार उघडंच होतं. आत ते रंधा मारलेल्या फळीवर हात फिरवत बसले होते. ताईनं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: डॉक्टर आहेत. चला. चूक माझी. काकांनी तो कागद डोळ्याला लावून वाचला.

"तुमची कसली चूक?" ते मोठ्यानं म्हणाले. "तुम्ही मान खाली घालून लिहीत होतात. म्हटलं, बाई कामात आहेत, कशाला त्रास द्या."

ताईनं त्यांचा हात धरून त्यांना गाडीकडे नेलं.

इंजेक्शन मिळालं. चार दिवस उशीर झाला, पण नजर शाबूत आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. उरलेल्या दहा जणांनाही ताईनं दोन दिवसांत शोधून आणलं. पुढच्या आठवड्यात फोन नसलेल्यांसाठी आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी सुरू झाली आणि बारकीनं ती ताईकडे सोपवली. इस्पितळाच्या पत्रकात त्या खिडकीचा फोटो आला. खाली नाव बारकीचं.

ताईनं पत्रक दोनदा वाचलं. छातीत हेव्याची तीच कळ उठली, अगदी ओळखीची. ती जाईल असं तिला वाटत नव्हतं. तिनं पत्रक घडी करून बाजूला ठेवलं, मागच्या नव्हे, पुढच्या जिन्यानं वर गेली आणि बारकीच्या दारावर टकटक केली.

"मॅडम," ती म्हणाली, "आणखी चौघं आहेत, ज्यांना लिहिता-वाचताही येत नाही. त्यांचं काय करायचं, बोलू या?"

बारकीनं शेजारची खुर्ची ओढली. "बस."