भेट म्हणून आलेला सोफा

मी सोफा बोलतोय. तपकिरी रंगाचा, तीन माणसं बसतील एवढा. चामडं खरं की खोटं ते विचारू नका. ज्या घरात माझे उमेदीचे दिवस गेले, तिथं असले प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. आणि हो, मला लाच म्हणू नका. मी भेट आहे. लाच टेबलाखालून येते म्हणतात. मी तर भरदिवसा, चार हमालांच्या खांद्यावरून, पुढच्या दाराने आलो. दारात अडकलो तेव्हा साहेबांनी स्वतः हात लावला.

माझी गादी भरणारा कारागीर फार मन लावून काम करायचा. स्पंज दाबून बघायचा आणि म्हणायचा, "बसणाऱ्याला उठावंसंच वाटलं नाही पाहिजे." बिचाऱ्याला काय माहीत, मला कुठल्या कामाला लावणार आहेत!

साहेब म्हणजे लोकांनी निवडून दिलेले. नवं घर झालं आणि मी पोहोचलो. पाठवणारा गॅस कंपनीचा माणूस. घरात त्याला सगळे 'गोडबोल्या' म्हणत, अर्थात तो गेल्यावर. आधी तो सरकारातच मोठा अधिकारी होता. गॅसच्या विहिरींचे नियम त्यानेच केले होते. निवृत्त झाला आणि तेच नियम सैल करायला कंपनीत लागला. अनुभव वाया जाऊ देऊ नये माणसाने.

ही शेल गॅसची विहीर म्हणजे काय, ते मला ऐकून ऐकून पाठ झालंय. जमिनीच्या पोटात खूप खोल दगडांत वायू अडकलेला असतो. भोक पाडायचं, त्यात पाणी, वाळू आणि कसलीकसली रसायनं जोराने कोंबायची, दगड फोडायचा, की वायू वर येतो. वायू कंपनीचा. बाकी जे काही वर येईल ते आजूबाजूच्यांचं.

मला वाचता येत नाही, पण माणूस कसा बसतो त्यावरून मी त्याला ओळखतो. गाऱ्हाणं घेऊन येणारे बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसत. त्यातला एखादा आत आलाच, तर माझ्या कडेवर टेकायचा, जणू त्याच्या वजनाचंही भाडं पडणार आहे. गोडबोल्या मात्र पहिल्या दिवसापासून पाठ टेकून, पाय पसरून बसला. सोफा आपणच दिलाय म्हटल्यावर संकोच कसला?

त्या वेळी तो एका टोकाला, साहेब दुसऱ्या टोकाला. मधली जागा रिकामी. आणि नियम असा होता, की घरापासून पाचशे मीटरच्या आत गॅसची विहीर खणायची नाही.

पुढे साहेबांच्या जावयाला कंपनीत सल्लागार नेमलं. सल्ला कसला देतो, ते त्यालाही सांगता यायचं नाही. मग साहेब आणि वहिनी परदेशात अभ्यासदौऱ्यावर जाऊन आले. दोन्ही टोकांवरची माणसं हळूहळू मधे सरकायला लागली. एका सकाळी तर दोघांच्या गुडघ्यांमध्ये चहाची बशी ठेवायलाही जागा राहिली नव्हती. त्याच दिवशी पाचशेचे शंभर करायचं ठरलं.

"साहेब, तुम्ही कशाला लिहीत बसता? आम्ही दुरुस्ती लिहूनच आणलीय. तुम्ही फक्त मांडा."

"भाषणाचं काय?"

"तेही आणलंय. टाळ्या कुठे येतील तिथे खूण केलीय."

इतकी सेवा सख्खा भाऊ करत नाही हो.

तेवढ्यात साहेबांची मोठी बहीण आली. तिला बाहेरच्या खुर्चीवर कोण बसवणार? ती सरळ आत आली आणि जिथे जागाच नव्हती, तिथे दोघांच्या मधोमध बसली. गोडबोल्याला टोकाला सरकावं लागलं. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

"छोट्या," ती म्हणाली. अख्ख्या गावाच्या साहेबांना ती छोट्या म्हणते. "माझ्या घरामागे गॅसची एक विहीर आहे. लांब आहे, तरी अंगणातल्या विहिरीच्या पाण्याला वास येतो. आता त्याहून कितीतरी जवळच्या मोकळ्या जागेत दुसरीसाठी खुंट्या ठोकून गेलेत. नियम बदलला की खणणार म्हणतात. मी या वयात कुठे जाऊ? तेवढा नियम राहू दे."

"ताई, तू घाबरू नकोस. पाण्यासाठी समिती नेमलीय."

"समितीत कोण आहे?"

साहेबांनी गोडबोल्याकडे बोट दाखवलं. "हे आहेत ना."

गोडबोल्या हसला. "ताई, वास म्हणजे मनाचा खेळ असतो बऱ्याचदा."

"असेल. पण म्हशीलाही मन असतं हे नव्हतं माहीत. तीसुद्धा पाण्याला तोंड लावत नाही."

साहेबांनी तिचा हात धरला. "ताई, तुझ्या घराला धक्का लागू देणार नाही. शब्द देतो."

ती उठायला लागली आणि माझ्यात रुतली. हाताला धरून उठवावं लागलं. जाता जाता म्हणाली, "इथे बसलं की उठवत नाही रे. म्हणून तुला तिकडे यायला जमत नाही होय?"

साहेबांनी सभागृहात दुरुस्ती मांडली. खुणा केल्या होत्या तिथे टाळ्याही पडल्या. कोणीतरी आगाऊपणे विचारलं, कंपनीशी तुमचे संबंध काय? साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी त्यांच्यापैकी कोणाबरोबर कधी साधा बसलोसुद्धा नाही."

आणि नेमका वहिनींनी मैत्रिणींना फोटो पाठवला होता. खाली लिहिलेलं म्हणे, 'आमचा नवा सोफा'. फोटोत मी झकास आलो होतो. फक्त माझ्यावर साहेब आणि गोडबोल्या मांडीला मांडी लावून बसले होते. मैत्रिणी त्या मैत्रिणीच. दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्रात होतो, तोही पहिल्या पानावर.

घरात हलकल्लोळ. "तुला फोटो पाठवायची काय गरज होती?" "मग सोफा लपवून ठेवायचा होता का? परवा तुम्हीच म्हणालात ना, छान दिसतो?" शेवटी ठरलं, मला घरातून हलवायचं. विकावा तर बोभाटा, जाळावा तर धूर. साहेबांना एकदम मायेचा उमाळा आला. म्हणाले, "ताईकडे पाठवून द्या. तिच्याकडे बसायला चांगलं काही नाहीच."

एवढ्या हुशार माणसाच्या हे लक्षात आलं नाही, की मला तो कुठे पाठवतोय.

आता मी ताईंच्या पुढच्या खोलीत आहे. नवी विहीर झाली. शंभर मीटर, नियमाला धरून. यंत्र सुरू झालं की माझे चारही पाय थरथरतात, फळीवरच्या कपबशा एकमेकींवर वाजतात. भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेलाय. ताई पाणी टँकरचं भरते. टँकरवर कंपनीचं नाव आहे म्हणे. तीही भेटच.

निवडणूक आली तसे साहेब आले, सोबत फोटोवाला. बहिणीच्या पायाशी बसलेला भाऊ, असा फोटो हवा होता.

"आधी बस तर," ताई म्हणाली.

साहेब सवयीने पाठ टेकून बसले. तेवढ्यात यंत्र सुरू झालं. मी हललो. कपबशा वाजल्या. छताची माती साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर पडली.

फोटोवाला म्हणाला, "साहेब, इथेच घेऊ. सोफ्यावर उजेड मस्त येतोय."

"सोफा नको!" साहेब ओरडले. फोटोवाल्याने त्यांना अंगणात नेलं. तिथे कुठेही उभं केलं तरी मागे गॅसचा मनोरा यायचा. मुकाट्याने परत आत आले आणि बसले. या वेळी माझ्या अगदी कडेवर टेकले. बाहेरच्या खुर्च्यांवरची माणसं टेकायची ना, अगदी तसे.

"ताई, हे रोजच चालतं?"

"दुपारी थांबतं थोडा वेळ. ते लोक जेवायला जातात."

भिंतीच्या तड्याकडे बघत साहेब पुटपुटले, "मी बोलतो त्यांच्याशी."

"कुठे बसून बोलशील?" ताई म्हणाली. "सोफा तर माझ्याकडे आहे."

साहेबांनी शर्टावरची माती झटकली. फोटो न काढताच गेले.

माझं आता वय झालंय. एक स्प्रिंग वर आलीय, शिवण उसवलीय, थरथरून थरथरून पाय ढिले झालेत. तरी ताई रोज पुसते मला. म्हणते, "तुझा काय दोष?" एवढं कोणी म्हटलं की आम्हा सोफ्यांना पुष्कळ होतं.

फक्त एक इच्छा राहिलीय. गोडबोले साहेब, तुम्ही एकदा या. तुमची जागा मी राखून ठेवलीय. पाठ टेकून बसा, पाय पसरा, ताई टँकरचं नव्हे, अंगणातल्या विहिरीचं पाणी देईल. फार लांब नाही हो. तुमच्या गॅसच्या विहिरीपासून शंभर मीटर. अंतर तुम्हीच ठरवलंय, माझ्यावर बसून.