भिवा दळवींची दुनळी

कार्तिकातले ऊन. पिकल्या भातावरून, तांबड्या पायवाटांवरून, काजूच्या चकचकीत पानांवरून ओघळणारे मधुवर्णी, मंदगती ऊन. सह्याद्रीच्या पायथ्याशी, आंबेखोलच्या चिंचोळ्या खोऱ्यात ते सकाळी उशिरा उतरे, संध्याकाळी लवकर निघून जाई. आणि मधल्या त्या अल्पायुषी प्रहरांत अवघे खोरे पितळेच्या परातीसारखे लखलखत राही.

त्या लखलखाटात सत्यभामा मात्र कुठेच ठरत नव्हती. खळ्यातून परसात, परसातून विहिरीवर, विहिरीवरून पुन्हा ओसरीत. हाती घेतलेले सूप तसेच खाली ठेवी. पेटवलेली चूल तशीच सोडून दारात येई. वाऱ्याने केळीचे पान फाटले तरी मान वळवून बघे, जणू कुणी हाक मारली.

श्रावणात तिचे वडील तापाने गेले. झडीचा, काळोख्या दुपारींचा, दरडींचा श्रावण. आणि सासर दोन डोंगरांपलीकडे. ती पोचली तेव्हा अंगण माणसांनी भरले होते आणि आत भिवा दळवी निजले होते, नेहमीपेक्षा थोडे लहान दिसत.

सगळे रडले. ती रडली नाही. एकुलती लेक, तिने माणसांची ऊठबस केली, दिवस केले, वडिलांचे कपडे धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवले. डोळे कोरडे राहिले. बायका आपसांत कुजबुजल्या. कापणी होईपर्यंत ती माहेरीच राहिली, आणि ही तगमग तिच्याबरोबर राहिली, अंगात शिरलेल्या कुसळासारखी: दिसत नाही, निघत नाही, टोचायचे थांबत नाही.

घराच्या भिंतीवर दोन खुंट्या रिकाम्या होत्या.

तिथे असायची दुनळी बंदूक. आजोबांची. निळ्याकाळ्या नळ्यांची, अक्रोडी दस्त्याची, दस्त्याला पडलेल्या चिरेवर पितळेची पट्टी मिरवणारी. आजोबा तिला घेऊन रानात शिरत, रानडुकरांचा माग काढीत. मग शिकारीचे दिवस सरले; भिवांच्या हाती ती उरली शेताच्या राखणीपुरती. तरी दर रविवारी ते ती मांडीवर घेत, नळ्यांतून चिंधी फिरवीत, आणि तेवढा वेळ घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.

ते गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. चुलतभाऊ यशवंत म्हणाला, "रवू दे थंयच. बाईमाणसाक बंदूक कित्याक होयी?"

पण सत्यभामा एकदा ठाण्यात जाऊन बंदूक पाहून आली होती. कोंडवाड्यातल्या मुक्या जनावरांसारख्या बंदुका ओळीने उभ्या. आणि त्यांत बाबांची, चापाच्या कडीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, नळ्यांवर धूळ. त्या धुळीने तिची झोप उडाली. तिने परवाना आपल्या नावावर करून घेतला, आणि तो हाती आला त्याच दिवशी बंदूक गोधडीत गुंडाळून ती एसटीत बसली.

शेजारच्या म्हातारीने विचारले, "गोदडेत काय गो?"

"बाबांची बंदूक."

म्हातारीने आपली पिशवी पायाशी सरकवून जागा करून दिली. "मगे नीट धर. रस्तो खराब आसा."

वळणावळणांच्या त्या घाटात सत्यभामा बंदूक उराशी धरून बसली. खिडकीबाहेर दऱ्या फिरत होत्या, ढग फिरत होते, तिचे मन फिरत होते.

खुंट्या भरल्या. तगमग सरली नाही. एका तिन्हीसांजेला तिने बंदूक उतरवली, तेलाचे बोट फिरवले, दस्त्याला गाल लावला. तिथे झिजून झिजून एक उथळ खळगा झाला होता. दोन पुरुषांच्या गालांनी दोन आयुष्ये घासून केलेला. तिचा गाल त्यात नीट बसेना. तिने तो पुन्हा पुन्हा लावून पाहिला.

आणि मग ती पहाट. धुक्याची, दवाची, पांढुरकी पहाट. बांधावरून शेजारच्या गोविंदकाकांची हाक आली, "भामी! गवे इले गो! वरच्या कुणग्यात! तुझो बापूस आसतो तर..."

वाक्य अर्धेच राहिले. ती अनवाणीच निघाली. हातात बंदूक, ओच्यात काडतुसे.

वरच्या कुणग्यात, रानालगतच्या त्या शेताच्या तुकड्यात, भात आडवे झाले होते. सोन्यासारखे पीक चिखलात, आणि त्या चिखलात उभे गवे: मेघश्याम, महाकाय, शुभ्रपाद. पुढे एक बैल. शिंगांची कमान आभाळाला टेकलेली. त्याने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिले.

तिने काडतुसे भरली. बंदूक खांद्याला लावली. अन् साऱ्या श्रावणाचा संताप तिच्या बोटात उतरला. त्या झडीवर, त्या तापावर, मधल्या त्या दोन डोंगरांवर, आपल्या उशीर झालेल्या पावलांवर. नेम बैलाच्या कपाळावर. बोट चापावर.

बैल शांतपणे चघळत होता. त्याच्या ओल्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती, ओठाला एक लोंबी लोंबत होती.

मग बंदुकीच्या नळ्या वर गेल्या. शिंगांच्या वर, रानाच्या वर, धुक्याच्या वर.

पहिला बार. दुसरा बार.

खोरे गडगडले. बगळ्यांचा थवा उधळला, गवे वळले, धरणी दणदणली, आणि रानाने आपली काळी लेकरे पोटात घेतली. खांद्याला बसलेल्या हिसक्याने ती दोन पावले मागे गेली.

मग धूर तिच्याकडे वळला. कडवट, करपट, ऊबदार.

हा वास. लहानपणी राखणीहून बाबा पहाटे परतत, तिला अंथरुणातून उचलून खांद्यावर घेत, आणि ती अर्धवट झोपेत त्यांच्या मानेत नाक खुपशी, तेव्हाचा हा वास. धुतलेल्या कपड्यांत ती तो शोधत होती, घडीघडीत, खिशाखिशात. आणि तो इथे होता, या नळ्यांत, इतके महिने, मिटून.

"बाबा," ती म्हणाली. आणि बांधावर बसली. आणि रडली, ओक्साबोक्शी, उघड्यावर, पोरीसारखी.

खालून माणसे धावत येत होती. गोविंदकाकांनी हात आडवा धरला. "रवा. कोण जाव नकात. रडांदे तिका."

बंदूक तिच्या मांडीवर होती. नळ्या अजून कोमट होत्या, जिवंत कातडीसारख्या कोमट. तिने त्यांवर तळवा ठेवला, आणि तळव्याखाली त्या निवत गेल्या, हळूहळू, निवत गेल्या.