निळ्या खोऱ्यातली माती

"हे वाचा गुलाबराव. 'नव्या युगासाठी तयार व्हा.' बुडवून राह्यले हे, अन् तयारी आम्ही कराची."

अन्वरने मोबाइल पुढे धरला. देऊळघाटच्या त्याच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात गुलाबराव बाकड्यावर बसले होते. त्यांची विहिरीवरची मोटार वार्निश लावून दारात उन्हात ठेवली होती.

पडद्यावर एक निळं खोरं होतं आणि त्यावर चढत येणारा समुद्र. आज दुपारी चार वाजता हा ऑनलाइन गेम बदलणार होता. जुना नकाशा पाण्याखाली, नवी बेटं वर. जाहिरातीत कंपनीचा एक गुळगुळीत माणूस छाती फुगवून सांगत होता, जग बदलतंय. जन्मात एक खड्डा खणला नसेल लेकाने, असं अन्वरला वाटलं.

"बुडू दे ना बे. खेळच हाय तो."

"हाव, खेळच हाय," अन्वर म्हणाला आणि मोबाइलकडे बघत राहिला.

वार्निश वाळेपर्यंत हाताला काम नसतं. सात वर्षं तो वेळ अन्वरने या खोऱ्यात घालवला होता. बाकीचे खेळाडू राक्षस मारत हिंडत. त्यांना तो रिकामटेकडे समजे. त्याचं तिथे शेत होतं, भोपळ्यांचं. लागून धाकट्या भावाचं, जुनेदचं.

सहा वर्षांपूर्वी अब्बा गेले तेव्हा जुनेद पुण्याहून बसने निघाला होता. थांबा, पोचतोच, असे त्याचे फोनवर फोन. चार म्हाताऱ्यांनी दफनाला उशीर बरा नाही म्हटलं आणि थोरला म्हणून अन्वरने होकारार्थी मान हलवली. जुनेद कब्रस्तानात पोचला तेव्हा कबर बुजवून झाली होती. अब्बांना तीन मुठी मातीही देऊ दिली नाहीस, एवढंच बोलून तो परत गेला. तेव्हापासून फोन नाही, ईदला येणं नाही. पण गेममध्ये रोज तो अन्वरच्या भोपळ्यांना पाणी घालून जायचा. अन्वर त्याच्या. एक अक्षर न लिहिता.

बेटांवर जमिनी आता चिठ्ठ्या टाकून मिळणार होत्या.

"मंग भाऊ कुठी सापडन मले?"

"फोन लाव त्याले."

"काय म्हनू? चूक माही होती म्हनू?"

"होती काय?"

"हाव," अन्वर म्हणाला. हे तो पहिल्यांदाच बोलला होता. फोन मात्र त्याने लावला नाही. त्या म्हाताऱ्यांचा, कंपनीचा, सगळ्यांचा राग त्याला करता येई. पण सर्वांत जास्त किळस त्याला स्वतःच्या त्या हललेल्या मानेची होती.

पावणेचारला गेममधल्या चौकात आतषबाजी चालली होती. लोक गळे काढून एकमेकांचा निरोप घेत होते. नौटंकी, असं पुटपुटत अन्वर तिथून निघाला. शेतात येऊन त्याने भोपळे उपटले आणि खड्डा खणला. माणसाच्या लांबीचा. माती काठावर ठेवली आणि तो बाजूला उभा राहिला.

जुनेद पाण्याची झारी घेऊन आला. खड्ड्यापाशी थांबला. बराच वेळ काहीच हललं नाही, तेव्हा नेट गेलं की काय म्हणून अन्वरने मोबाइल दाराकडे नेला.

मग जुनेदने झारी खाली ठेवली. माती उचलून टाकली. एकदा. दोनदा. तीनदा.

उरलेली दोघांनी मिळून लोटली. बांधापलीकडे पाणी चढत होतं.

चार वाजून गेल्यावर गुलाबरावांनी विचारलं, "बुडलं काय?"

"हाव," अन्वर म्हणाला आणि मोटारीची दुसरी बाजू उन्हाकडे करायला बाहेर गेला. "पन खड्डा बुजला होता."