खराट्याचं टोक

रीनानं अंग उजव्या टाचेवर तोललं, डावा खांदा हनुवटीखाली आणला आणि गोल्फची काठी खाली सोडली. आधी कंबर फिरली, मग हात, मनगट सगळ्यात शेवटी. खट्. चेंडू कार्यालयाची भिंत ओलांडून पलीकडच्या बाभळीत गेला. तिचे डोळे मात्र अजून पायाशी, चेंडू होता त्या गवतावर होते.

"झालं?" पडताळणीचे साहेब म्हणाले. माणूस जन्मभर कबड्डी खेळलेला. गोल्फ त्यानं टीव्हीवरही धड पाहिला नव्हता. पण खेळाडू कोट्यातली एकुलती एक नोकरी कोणाला द्यायची, ते आज त्याच्या सहीनं ठरणार होतं.

"झालं, सर."

चार वर्षं रीना हे शिकली होती, लाखनी गावाच्या मागे, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत. जिल्हा गोल्फ संघटनेचे भय्याजी सर शिकवायचे. काठी त्यांची, चेंडू त्यांचे, सगळं फुकट. सर नसले की आई, सुमनबाई, समोर उभी राहून खराट्याचं टोक तिच्या कपाळाला टेकवायची.

"मार आता. डोस्कं हाललं तं खराटा डोयात जाते."

सरांच्याच संघटनेनं भरवलेल्या राज्य स्पर्धेत सात पोरी होत्या. निकाल सरांनी दोन दिवसांनी घरी येऊन सांगितला. "दुसरी आली तू. पहिली पुण्याची." तेवढ्यावर सुमनबाईनं शिरा केला होता.

साहेबांनी पुढचं प्रमाणपत्र उचललं. "प्रथम क्रमांक. मनाली."

भय्याजी सरांची पोरगी खुर्चीवरून उठली.

मनाली? स्पर्धेच्या दिवशी मनालीनं पाण्याची बाटली धरली होती. मोबाइलवर रीनाचे व्हिडिओ काढले होते. "भारी मारलं तू, ताई," म्हणाली होती. काठीला बोट लावलं नव्हतं तिनं. रीनानं सरांकडे पाहिलं. सर वाकून बुटाची लेस बांधत होते. बांधलेलीच लेस.

मनालीनं काठी धरली. उजवा हात वर, डावा खाली, पकडच उलटी. फिरवली. चेंडू जागच्या जागी, मातीचं ढेकूळ तेवढं साहेबांच्या पायापाशी.

"प्रॅक्टिस स्विंग होता, साहेब," सर म्हणाले.

"असं होय. मला तर दोघींचं सारखंच दिसलं." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

सारखंच. आता रीनाला उमगलं. पहिली दाखवायची तर मागं एक दुसरी लागते, तीही खरी खेळणारी. चार वर्षं फुकट शिकवणी तेवढ्यासाठी होती.

सर जवळ आले. आवाज अगदी मऊ. "गप राह्य, बेटा. दोन्ही कागदांवर माहीच सही हाय. तिचा खोटा ठरला तं तुहा कोण खरा मानन? पुढच्या वर्षी तुहं पाहून घेऊ."

भिंतीला कार्यालयाचा खराटा टेकवलेला होता. तो उचलून रीना मनालीसमोर उभी राहिली आणि मुठीकडचं टोक तिच्या कपाळाला लावलं.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"आमचा सराव असाच होते, सर. डोस्कं जाग्यावर राहाले पाहिजे." मग मनालीला म्हणाली, "मार."

मनालीनं काठी वर नेली. ती तिथंच राहिली.

साहेबांनी कागदावर पेन टेकवलं आणि सहज मनालीला विचारलं, "स्पर्धेत तुम्हीच खेळलात ना?"

"हो, हो. तीच," भय्याजी सर म्हणाले.

टेबलावर दोन्ही कागद एकावर एक होते. रीनाचा हात स्थिर होता. खराट्याच्या टोकावर मनालीचं कपाळ मात्र घासत होतं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

साहेबांनी सही न करताच कागदावरून पेन उचललं.