सुरांत उतरलेला कोड

नायजेरियातल्या इबादान शहरातल्या एका कचेरीत इबिरोंके आणि आकिनलाबी शेजारी बसून कोड लिहीत. आकिनलाबी आंधळा होता. संगणक त्याला ओळी वाचून दाखवी, पण कुठली ओळ कुठल्या ओळीच्या पोटात, म्हणजे किती आत सरकवलेली आहे, ते कळत नसे. म्हणून इबिरोंके तो ज्यात कोड लिही त्या एडिटरसाठी प्लगइन, म्हणजे एक छोटी जोडणी, बनवणार होती.

"प्रत्येक ओळीआधी 'पायरी तिसरी', 'पायरी चौथी' असं बोलू दे?" तिने विचारलं.

"दिवसभर ते ऐकून वेड लागेल मला! अगं, आपल्या योरुबा भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. मग सूरच दे ना. ओळ जितकी आत, तितका सूर वर."

तिने कच्चा नमुना जुळवला आणि त्यातून आपलाच कोड ऐकायला लावला. सूर चढले, उतरले, पुन्हा चढले. आकिनलाबी मान डोलावत ऐकत होता.

"हा तुकडा मघाशी येऊन गेला की!" तो म्हणाला आणि त्याने ती चाल गुणगुणून दाखवली.

इबिरोंकेने शोधलं. खरंच, एकच काम तिने दोन ठिकाणी लिहिलं होतं. इतके दिवस डोळ्यांनी वाचूनही तिला ते दिसलं नव्हतं. प्लगइन कसं करायचं, हा प्रश्न आता उरलाच नव्हता. तिने डोळे मिटले आणि तो कोड पहिल्यापासून पुन्हा लावला.